पोटातली वस्ती

"म्हणजे माझ्या मुलीची शी माझ्या पोटात घालणार, असंच ना?" आबांनी विचारलं.

डॉ. अस्मा मुल्ला स्टूल ओढून त्यांच्या पलंगाशी बसल्या होत्या. वय पस्तिशीच्या आतबाहेर, आवाज एकदम शांत. त्या हसल्या नाहीत की अवघडल्या नाहीत.

"असंच," त्या म्हणाल्या. "पण जशीच्या तशी नाही. मिठाच्या पाण्यात कालवायची, तीनचारदा गाळायची आणि दुर्बिणीच्या नळीतून थेट मोठ्या आतड्यात सोडायची. तोंडावाटे काही नाही. तुम्हाला गुंगी दिलेली असेल. अर्ध्यापाऊण तासाचं काम."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर मी तेच औषध पुन्हा चालू करीन. चौथ्यांदा."

"करा मग चौथ्यांदा." आबांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

मी पायथ्याशी उभी होते. डॉक्टरबाई माझ्याकडे बघत होत्या आणि मी फरशीकडे. जिच्या पोटातलं घ्यायचं ठरत होतं ती मुलगी मीच होते. अशा वेळी चेहरा कसा ठेवावा हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. मी तेव्हा सांगलीच्या एसटी आगारात लिपिक होते आणि रजा टाकून मिरजेच्या त्या दवाखान्यात आबांपाशी राहिले होते. दुखणं सुरू झालं होतं बाभळीच्या एका काट्यानं. परड्यातली फांदी ओढताना तो टाचेत शिरला, आबांनी तो सुईनं काढला आणि विसरून गेले. आठवड्यात पाय गुडघ्यापर्यंत सुजून लालभडक झाला. तालुक्याच्या डॉक्टरांनी बारा दिवस भारी अँटिबायोटिकची इंजेक्शनं दिली म्हणून पाय वाचला. औषधं बरोबरच होती, त्यात वाद नाही. पण पाय बरा होऊन आबा घरी आले आणि चौथ्या दिवसापासून जुलाब लागले. दिवसाला दहा, बारा, पंधरा. तपासणीत एक चिवट जंतू निघाला. त्यावरचं औषध दिलं की आबा आठदहा दिवस बरे राहायचे, औषध थांबलं की पुन्हा तेच. तीनदा असं झालं. एकसष्ट किलोचे आबा चव्वेचाळीसवर आले. मनगटातलं घड्याळ कोपरापर्यंत सरकायला लागलं तेव्हा ते त्यांनी काढून माझ्याकडे दिलं.

दुसऱ्या कुणाला ही गोष्ट समजावून सांगणं सोपं गेलं असतं. पण आबा म्हणजे भगवान खराडे, आरोग्य सेवक, निवृत्त. चौतीस वर्षं त्यांनी सायकलवरून गावोगावच्या विहिरींत पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर टाकली होती. पंचक्रोशीत त्यांना पावडरवाले खराडे म्हणत. जंतू मारणं हा त्यांचा नुसता पेशा नव्हता. आमच्या घरी पाणी उकळल्याशिवाय माठात जात नसे, आणि जेवायला बसण्याआधी आबा आमचे हात उलटेपालटे करून बघत. जत्रेतलं, बाजारातलं, उघड्यावरचं काही खायचं नाही हा घरातला कायदा होता.

त्यामुळं दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई पुन्हा आल्या तेव्हा आबा तयारीत होते. उशीला टेकून बसले होते.

"बाई, एक विचारू? गॅस्ट्रो, कावीळ, विषमज्वर, हे सगळं कशातून येतं हे मी किती शाळांत फळ्यावर काढून दाखवलंय, तुम्हाला सांगता येणार नाही. शी, माशी, हात, तोंड. चार चित्रं आणि तीन बाण. आता या वयात तुम्ही मला उलटं शिकवताय."

"उलटं नाही, आबा. तुम्ही शिकवलंत ते आजही खरं आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण फळ्यावर तुम्ही फक्त वाईट जंतू काढलेत. चांगले काढायला जागा उरली नसेल."

आबांना हे आवडलं असावं. त्यांनी बोला अशी खूण केली.

"आपल्या पोटात एक वस्ती असते बघा. जंतूंचीच. मोजता येणार नाहीत इतके. ते आपल्या अन्नातलं खातात आणि त्या बदल्यात पचायला मदत करतात, बाहेरच्या गुंडांना थारा देत नाहीत. पायाच्या औषधानं पायातले वाईट जंतू मारले. पण औषधाला पायातला कोण आणि पोटातला कोण हे कळत नाही. सगळी वस्ती उठली. रिकाम्या घरात एक गुंड शिरला. मी औषध देते तेव्हा तो बियाण्यासारखा दडून बसतो, औषध थांबलं की उगवतो. त्याला हुसकायला आता औषध पुरत नाही. तिथं माणसं राहायला आली पाहिजेत. कुणाच्या तरी भरल्या वस्तीतून."

"आणि त्या वस्तीतून एखादा गुंड आला तर?"

"म्हणून तर आधी तपासायचं. शालनताईंचं रक्त, शौच, सगळं. कावीळ, एचआयव्ही, जंत, विषमज्वर, एक सोडणार नाही."

"विहिरीचं पाणीही दिसायला स्वच्छच असतं, बाई," आबा म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. बोलणं संपलं.

तपासण्या मात्र मी करून घेतल्या. निवड अशी काही नव्हतीच. आईला साखर आणि गुडघ्यांचं दुखणं, ती गावीच होती. माझ्या यजमानांनी महिन्यापूर्वी दाढेसाठी अँटिबायोटिक घेतलं होतं, म्हणून तेही बाद. भाऊबहीण कुणी नाही. म्हणजे होता एक भाऊ, त्याचं पुढं सांगते.

बुधवारी डॉक्टरबाईंनी मला बाहेर बोलावलं.

"रक्तातलं पोटॅशियम पुन्हा उतरलंय," त्या म्हणाल्या. "आतड्याला सूज आहे. असंच चाललं तर एक दिवस ते आतडं कापून काढायची वेळ येईल, आणि या वजनात ते ऑपरेशन त्यांना झेपणार नाही. शुक्रवारपर्यंत ठरलं पाहिजे."

"त्यांना किळस वाटतेय हो," मी म्हणाले. "जन्मभर ज्याच्याविरुद्ध लढले..."

"किळस वाटणारे मी रोज बघते. ते नाक मुरडतात, चेष्टा करतात आणि शेवटी सही करतात. तुमच्या वडिलांना किळस नाही वाटत. ते घाबरलेत. कशाला, ते मला सांगत नाहीत. तुम्हाला सांगतात का बघा."

आबा मला काही सांगतील हे मला खरं वाटलं नाही. आमचं बोलणं कायम कामापुरतं. माझ्या लग्नात निरोप देताना सगळे रडले, आबांनी लांबूनच हात वर केला. मी त्याचं कारण मनाशी ठरवून टाकलेलं होतं आणि ते कधी कुणापाशी काढलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी जेवणं उरकून मजला शांत झाला होता. सुवार्ता सिस्टरनी आबांना स्वच्छ करून कपडे बदलले. ही बाई असलं काम करताना हळू आवाजात गुणगुणायची, त्यामुळं आजारी माणसाला लाज वाटायची नाही. ती गेल्यावर आबांनी हात धुवायला पाणी मागितलं. मी त्यांच्या हातावर पाणी ओतलं. त्यांनी साबण लावला, धुतलं, पुन्हा साबण लावला. अंगात बसायची ताकद नव्हती, तरी बोटांच्या बेचक्या एकेक करून घासत होते.

"आबा, माझे रिपोर्ट आलेत," मी म्हणाले. "सगळे चांगले आहेत. माझ्यासाठी म्हणून तरी हो म्हणा."

"तुझ्यासाठीच नाही म्हणतोय."

मला कळलं नाही. मी टॉवेल पुढं केला. त्यांनी हात पुसले, पुसून झाल्यावरही टॉवेल हातातच धरून ठेवला.

"समज," ते म्हणाले, "तुझ्याकडून माझ्या पोटात काही गेलं. कागदावर न दिसणारं. आणि मी गेलो. मी चौऱ्याहत्तरचा आहे, माझं काय. पण तू पुढची तीसचाळीस वर्षं काय करशील?"

"काय करीन?"

"रोज हात धुशील. मला ठाऊक आहे काय करशील. मी केलंय ते."

मग आबांनी गजूचं नाव घेतलं. चाळीस वर्षांत मी ते त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

गजानन माझा धाकटा भाऊ. त्या चैत्रात तो चार वर्षांचा होता आणि मी आठ. नदीकाठच्या खालच्या वस्तीत गॅस्ट्रोची साथ आली होती. आबा तिथं तीन दिवस मुक्कामाला होते. ओकाऱ्या काढायच्या, माणसं उचलून गाडीत घालायची, सलाईन लावायला कंपाउंडरला मदत करायची. तेवढं मलाही आठवत होतं. पुढचं नव्हतं.

"बुधवारी संध्याकाळी मी घरी आलो," आबा म्हणाले. "तीन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. सायकल लावली आणि आडावर हात धुवायला निघालो, तेवढ्यात हा पळत आला आणि पायाला मिठी मारली. मी उचलला. खिशात शेंगदाणे होते, ते त्याला भरवले. या हातानं. नंतर लक्षात आलं हात धुतलेले नाहीत. म्हटलं, एकदा काय होतंय."

शुक्रवारी पहाटे गजूला सुरू झालं. आबांच्या पिशवीतल्या सलाईनच्या बाटल्या खालच्या वस्तीत संपल्या होत्या. शनिवारी सकाळी बैलगाडीतून तालुक्याला नेताना, डांबरी रस्ता लागायच्या आधीच तो गेला.

"चौतीस वर्षं लोकांना हात धुवायला शिकवलं," आबा म्हणाले. "आणि घरात मीच घेऊन आलो. त्यानंतर तुला जवळ घ्यायची छाती झाली नाही. वाटायचं, लांब असलेली बरी. निदान तू तरी राहशील."

मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. ते नीट ठेवलं गेलं नाही, थोडं पाणी सांडलं.

कारण मी ठरवलेलं कारण निराळं होतं. मला आयुष्यभर वाटत आलं होतं, की आबांना कळलंय. म्हणून ते मला जवळ घेत नाहीत.

"आबा," मी म्हणाले, "त्या आठवड्यात जत्रा होती. आठवते?"

"असेल. मी कुठं होतो जत्रेला."

"मी गजूला घेऊन गेले होते. आईला सांगितलं, देवळात जातो. मावशीनं दिलेले दहा पैसे होते माझ्याजवळ. बर्फाचा गोळा घेतला. दोघांत एक. त्याला म्हटलं, घरी सांगायचं नाही, आबा मारतील. त्यानं नाही सांगितलं. गाडीत घातला तेव्हासुद्धा नाही सांगितलं."

एवढं बोलून मी थांबले. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, नोकरीवाली, आणि आठ वर्षांच्या पोरीसारखी उभी होते. आता आबा काय म्हणतील याची वाट बघत. ती वाट मी चाळीस वर्षं बघत होते, एवढं मला त्या क्षणी समजलं.

आबांनी टॉवेल बाजूला ठेवला. मग म्हणाले, "कोणत्या दिवशी?"

"काय?"

"गोळा कोणत्या दिवशी खाल्लात? जत्रा सोमवार मंगळवार असते."

"सोमवारी. पालखीच्या दिवशी."

"किती वाजता?"

"ऊन होतं. तीन, चार."

"तू पण खाल्लास?"

"अर्धा अर्धा. मीच जास्त खाल्ला."

"तुला काही झालं? जुलाब, उलटी, पोटात कळ?"

"काही नाही."

"जत्रेतून अजून कोण आजारी पडलं? गावात?"

"मला नाही माहीत. मी लहान होते."

"मला माहीत पाहिजे होतं. मी विचारलंच नाही कुणाला," आबा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. उशीवरून मान वर आली होती. मी लहानपणी त्यांना हा आवाज लावताना ऐकलं होतं, कुणाच्या तरी ओसरीवर बसून, मांडीवर वही घेऊन. ते बोटांच्या पेरांवर मोजत होते. "सोमवार दुपार ते शुक्रवार पहाट. साडेतीन दिवस. बसतं. बुधवार संध्याकाळ ते शुक्रवार पहाट. दीड दिवस. तेही बसतं. आणि आपल्या आडाचं पाणी? त्या आठवड्यात मी खाली होतो, आडात पावडर कुणी टाकली नसणार. आई उकळायची खरं, पण पोरगं रहाटाशी खेळताना ओंजळभर प्यायलं असेल तर? तेही बसतं."

"मग कशानं?"

आबा माझ्याकडे बघत होते, पण बहुतेक त्यांना मी दिसत नव्हते.

"दुसऱ्या कुणाच्या घरी हे झालं असतं ना," ते हळूहळू म्हणाले, "तर मी अहवालात लिहिलं असतं, उगम समजला नाही. खाली सही केली असती. आणि त्या घरच्या माणसाला सांगितलं असतं, बाबा, उगाच मनाला लावून घेऊ नको. कित्येकांना सांगितलंय मी असं. चहा घेऊन उठलोय आणि पुढच्या घरी गेलोय."

"आपल्या घरी कुणी आलंच नाही सांगायला," मी म्हणाले.

"मीच होतो ना या हद्दीला. दुसरा कोण येणार."

त्यांनी हात पुढं केला. साबणानं वर्षानुवर्षं फुटलेला, खरखरीत, हाडं वर आलेला हात. मी तो धरला. त्या हाताला वजनच नव्हतं.

"आठ वर्षांची होतीस तू," आबा म्हणाले. "आठ वर्षांच्या पोरीला गोळा खावासा वाटणार नाही तर काय कोयनेलचं कडू पाणी प्यावंसं वाटणार?"

मी हसले आणि त्यातच रडायला लागले. आबा रडले नाहीत. त्यांनी फक्त डोळे मिटले आणि एक लांब श्वास सोडला. इतका लांब, की मी घाबरून त्यांच्या छातीकडे बघितलं.

"आहे मी," ते म्हणाले. "आण ते तुझे रिपोर्ट. चष्मा पण दे."

त्यांनी पानन् पान वाचलं. बोट ओळीवरून सरकवत. कावीळ ब, कावीळ क. एका जंताच्या नावावर थांबले, हे काय म्हणून विचारलं, मी सुवार्ता सिस्टरना बोलावलं, त्यांनाही सांगता येईना, शेवटी डॉक्टरबाईंना फोन लावावा लागला. ते आबांना पटल्यावर त्यांनी कागद सारखे करून उशाशी ठेवले.

"एक अट आहे," ते मला म्हणाले. "उद्या काही वाईट झालं तर अहवालात काय लिहायचं?"

"उगम समजला नाही," मी म्हणाले.

"आणि मनाला?"

"लावून घ्यायचं नाही."

"बोलाव बाईंना. सही करतो."

शुक्रवारी सकाळी माझी पाळी आली आणि मी अडकले. साडेसातपर्यंत मला डबी भरून द्यायची होती. जन्मात कधी बद्धकोष्ठ न झालेली मी, त्या दिवशी पोटात काही म्हणून हालेना. सुवार्ता सिस्टरनी गरम पाणी दिलं. यजमान खाली जाऊन सहा केळी आणि कडक चहा घेऊन आले. मी व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होते आणि माझ्या मागं यजमान केळं सोलून धरून चालत होते. सव्वासात झाले. डॉक्टरबाईंनी लांबून हातानंच विचारलं, काय? मी हातानंच सांगितलं, काही नाही. आत आबांना दुर्बिणीसाठी तयार करून ठेवलं होतं.

"शालन," आबांनी आतून हाक मारली. आवाज बारीक, पण स्पष्ट होता. "घाई करू नको. चौथ्यांदाच्या औषधाला मी हो म्हणणार नाही आता. जितका वेळ लागेल तितका लागू दे."

त्या बोलण्यानं काय झालं कोण जाणे, पाचच मिनिटांत मला आत पळावं लागलं. मी डबी घेऊन बाहेर आले तेव्हा सुवार्ता सिस्टरनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि म्हणाल्या, "देवाचे आभार." एका डबीसाठी असं कुणी म्हटलेलं मी आजवर ऐकलेलं नाही.

पाऊण तासानं आबांना परत आणलं. पुढचे दोन दिवस आम्ही सगळे एकाच गोष्टीची मोजदाद करत होतो. शुक्रवारी रात्रीपर्यंत पाच वेळा. शनिवारी तीन वेळा, पण ताप नाही. रविवारी फक्त एकदा. मी काही बोलायला घाबरत होते. रविवारी दुपारी आबा म्हणाले, "भूक लागलीये." दीड महिन्यात पहिल्यांदा. ते शब्द कानावर पडल्यावर मी व्हरांड्यात जाऊन भिंतीला पाठ टेकून उभी राहिले. काही केलं नाही, नुसती उभी राहिले.

सोमवारी सकाळी सुवार्ता सिस्टर भांडं घेऊन बाहेर आल्या आणि व्हरांड्यातल्या चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ताई, बांधून झाली." शेजारच्या खोलीतल्या एका बाईला वाटलं लग्नाची बोलणी बांधून झाली. तिनं पेढे कधी म्हणून विचारलं.

त्याच दिवशी आबांनी गावी आईला फोन लावला. बाकीचं मला ऐकू आलं नाही, मी ताक गाळत होते. शेवटचं तेवढं ऐकलं. "पोरीनं वाचवलं. कसं ते आल्यावर सांगतो. गजूचंही बोलायचंय. होय, गजूचंच. बोलू आपण."

ते काय बोलले ते मी कधी विचारलं नाही. पण त्या वर्षीच्या चैत्रात मी गावी गेले तेव्हा देवघराशेजारी गजूचा फोटो लावलेला होता, जो मी आईच्या पेटीच्या तळाशी पूर्वी एकदाच पाहिला होता. आबा त्यानंतर सहा वर्षं जगले, तब्येत राखून होते, आणि गेले ते वयानं गेले.

पण मला सांगायची आहे ती दवाखान्यातल्या शेवटच्या दिवसाची, त्या बुधवारची गोष्ट. आदल्या दिवशी जतचे एक डाळिंबवाले आमच्या शेजारच्या खोलीत आले होते. पन्नाशीचे, धिप्पाड, आणि आमच्याच आजारानं खंगलेले. त्यांचा भाऊ द्यायला तयार होता, पण ते ऐकत नव्हते. आम्हाला घरी सोडायचा दिवस होता. डॉक्टरबाई आबांपाशी आल्या आणि म्हणाल्या, "आबा, एक काम होतं. तुमच्या खात्यातलंच आहे."

आबांनी टोपी मागितली. दाढी केलेली होती. एका हातानं भिंत धरत ते शेजारच्या खोलीत गेले. मी सामान आवरून डबे घासून परत आले तर आवाज येत होता. मी दारातच थांबले. आबा त्या माणसाच्या पलंगावर बसले होते, मांडीवर वर्तमानपत्राचा कोरा कोपरा, त्यावर पेन्सिलीनं काहीतरी काढलेलं. बाण होते. या वेळी चारपेक्षा पुष्कळ चित्रं होती.

"हे तुम्ही सांगताय ठीक आहे," डाळिंबवाले म्हणत होते. "पण असल्या घाणीनं माणूस मेलेला बघितलाय का तुम्ही?"

"बघितलाय. माझा मुलगा," आबा म्हणाले. "गजानन त्याचं नाव. चार वर्षांचा होता. साथीत गेला."

डाळिंबवाल्यांच्या बायकोनं पदर तोंडाला लावला.

"कुणामुळं?" त्या माणसानं विचारलं.

"कुणामुळं नाही," आबा म्हणाले. "तेच सांगायला आलोय. जंतू मारणं मला येत होतं. ते कधी मारायचे आणि कधी राहू द्यायचे, हे मला चौऱ्याहत्तराव्या वर्षी इथं कळलं. तुमच्या भावाला उद्या रक्त द्यायला पाठवा. तपासणीत काही निघालं तर नाही म्हणा, तुमचा हक्क आहे. पण तपासू तर द्या."

डाळिंबवाल्यांनी कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"तुम्हाला कुणाचं दिलं?"

आबांनी मागं वळून बघितलं. मी दारात उभी होते, दोन्ही हातांत ओले डबे.

"तिचं," ते म्हणाले. "माझी मुलगी. ये गं, बस इथं."

मी आत जाऊन आबांना लागून पलंगाच्या कडेवर बसले. खोलीतले सगळे माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते, की डबे ठेवायला जागा कुठं आहे हेही मला दिसेना. डाळिंबवाले तर मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळत होते, बैल घेताना बघतात तसे. मग त्यांनी घसा साफ केला आणि अगदी अदबीनं विचारलं,

"ताई, राग मानू नका. तुम्ही रोज काय काय खाता?"

मी आबांकडे बघितलं. आबांनी पेन्सिल सरसावली होती.

"सकाळी भाकरी आणि भाजी," मी सांगायला लागले. "त्याबरोबर ताक."